विटेच्या तुकड्यांतला मॉन्स्टेरा

लोंढा जंक्शनवरून गोव्याकडची गाडी सुटली की प्रवासी खिडकीपाशी सरकतात ते दूधसागरासाठी. या प्रकरणाला हवं असलेलं दृश्य त्याच्या बरंच अलीकडे आहे. लोंढा, गुंजी, नागरगाळी या पट्ट्यातल्या जुन्या आंब्यांची, जांभळांची, ऐनाची खोडं जुलैमध्ये जरा थांबून पाहावीत. दोन फांद्यांच्या बेचक्यातून अळूची पानं डोकावत असतात. हे रुखाळू, कानडीत मरकेसू. परसातल्या अळूचा हा नातलग, पण राहतो झाडावर नाही तर कातळाच्या कपारीत. उन्हाळाभर त्याचा छोटा कंद बेचक्यातल्या पालापाचोळ्यात निपचित पडून असतो. पहिले पाऊस झाले की पानं फुटतात आणि वडीसाठी ती काढायला माणसं झाडावर चढतात. चिंच-आमसुलाचा हात आखडता घेतला तर घशाला खाज सुटते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

त्याच खोडावर जरा खाली बाशिंग असतं. हे नेचे दोन तऱ्हेची पानं धरतं. लांब, कातरलेली, हिरवी पानं आपलं नेहमीचं काम करतात. बुडाशी असलेली आखूड पानं मात्र लवकरच वाळून तपकिरी, कडक होतात आणि वाळल्यावरही गळत नाहीत. खोडावरून घसरणारा पाला त्यांच्यात अडकतो, कुजतो आणि बाशिंगाला तिथल्या तिथे खत मिळतं. आणखी वर सीतेची वेणी हे ऑर्किड. पावसाच्या तोंडावर फुलून गेलेली असते, पण आपल्याला तिची फुलं नकोत, मुळं बघायची आहेत. पेन्सिलीसारखी जाड मुळं खोडाला चिकटून गेलेली असतात. कोरडी असताना राखाडी-चंदेरी. ओंजळभर पाणी मारलं की डोळ्यांदेखत हिरवी होतात. मुळाच्या बाहेरच्या अंगाला मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना व्हेलामेन म्हणतात. कोरड्या पेशींत हवा असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं; पाणी मिळताच त्या भरतात, आरपार दिसू लागतात आणि आतला हिरवा रंग वर येतो. पाऊस थांबला की थोड्याच वेळात पुन्हा हवा.

आणि खोडाला बिलगून वर चढणारा, पानांना भोकं असलेला एक वेल दिसला तर तो बहुधा गणेशकंद. दिवाणखान्यातल्या मॉन्स्टेराचा हा सह्याद्रीतला भाऊबंद. दोघंही अळूच्या कुळातले. खरं तर घरात शोभेला ठेवतो त्यांतली निम्मी-अर्धी झाडं याच कुळातली निघतात: मनीप्लँट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अँथुरियम, पीस लिली, अग्लोनेमा, डिफेनबॅकिया, झेडझेड. मूळ गावं वेगवेगळी आहेत. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं, आणि शेजाऱ्याकडून गुपचूप आणला की लक्ष्मी येते असं आपण समजतो तो मनीप्लँट प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या बेटावरचा. पण यांतल्या बऱ्याच जणांची जगण्याची रीत रुखाळूसारखी किंवा गणेशकंदासारखी आहे. मुळं खोडावर, दगडावर, पाल्याच्या सैल थरात. पाणी येतं भरपूर, पण थांबत नाही; त्यामुळे मुळांभोवती ओल आणि हवा दोन्ही एकदम असतात.

अशा झाडाला आपण प्लास्टिकच्या कुंडीत तांबडी माती ठासून भरून बसवतो. मग ते मरतं, आणि आपण म्हणतो पाणी जास्त झालं.

पाणी जास्त झालं हे अर्धंच खरं. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 25 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात, ते हवेशी कितीही घुसळलं तरी, जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो. वर पाण्यातून ऑक्सिजन पुढे सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू. म्हणजे मुळांनी आपल्या भोवतीचा साठा एकदा संपवला की नवा येईपर्यंत त्यांचा जीव कासावीस होतो. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की नेमकं हेच घडतं. लोंढ्याच्या पावसाळ्यात व्हरांड्यातली कुंडी आठवडेच्या आठवडे वाळत नाही. हवेतच इतका दमटपणा असतो की पानांतूनही पाणी उडत नाही. गुदमरलेल्या मुळांवर बुरशी बसते, आणि झाडाच्या मरणाचा ठपका तिच्यावर जातो.

मग भात कसं तगतं? खानापूर तालुक्यात पावसाळाभर भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात. भाताच्या मुळांत उभ्या हवानळ्या असतात. पानांतून आत आलेली हवा त्यांतून थेट मुळाच्या टोकापर्यंत उतरते. ही सोय थोड्याफार प्रमाणात पुष्कळ झाडं करू शकतात, अळूच्या कुळातली तर चांगलीच. पण त्यासाठी मूळ पहिल्यापासून पाण्यात वाढावं लागतं. मातीत वाढलेलं मूळ एकदम पाण्यात बुडवलं तर ते बदलत नाही, कुजतं. पुढे झाड हलवताना ही गोष्ट फार कामाला येणार आहे.

माती झाडाला काय देते, या प्रश्नाचा छडा लावायला माणसाने बराच वेळ घेतला. फ्लँडर्समधल्या व्हान हेल्मोंटने 200 पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती कमी झाली ती अवघी दोन औंस. हा प्रयोग 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. झाड पाण्याचंच बनतं असा निष्कर्ष त्याने काढला. हवेतला कार्बन त्याच्या ध्यानात येणं तेव्हा शक्यच नव्हतं. आपल्या विषयाचं मर्म मात्र त्याने दुर्लक्षिलेल्या त्या दोन औंसांत आहे. 1860 च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी ते दोन औंस म्हणजे नेमके कोणते क्षार हे शोधून काढलं आणि मातीचा कणही न वापरता झाडं वाढवून दाखवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिकने 1930 च्या दशकात टाक्यांमधल्या पाण्यावर टोमॅटोचे शिडी लावून काढावे लागणारे वेल वाढवले आणि 1937 मध्ये या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. लगेच पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी शांतपणे मोजमाप करून सांगितलं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात पीक काही फार जास्त येत नाही. मातीविना शेतीच्या जाहिराती आजही जोरात असतात, तेव्हा होगलंड-अर्नन यांची ती जुनी पत्रिका आठवलेली बरी.

आपल्याकडे याची सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीच झाली होती. जेम्स शोल्टो डग्लस यांनी 1946 पासून कलिंपोंगला वीज-पंप नसलेल्या माणसाला जमेल अशी स्वस्त पद्धत बसवली. खडीचे वाफे, वरून शिंपडलेले कोरडे क्षार आणि हाताने घातलेलं पाणी. 1951 च्या पुस्तकात त्यांनी तिला बंगाल पद्धत म्हटलं. पुढे हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकींनी त्याहून सोपी युक्ती काढली. डब्यात अन्नद्रव्याचं पाणी एकदाच भरायचं आणि पुन्हा घालायचं नाही. सॅलडची पानं पाणी पीत जातात, पातळी उतरत जाते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लोंबणारी मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात. पाणी हलवणारं, हवा सोडणारं कुठलंही यंत्र नाही, म्हणून ही पद्धत निष्क्रिय. घरातल्या पानांच्या झाडांसाठी आपण जे करणार आहोत ते या दोघांच्या मधलं आहे.

एक भांडं घ्यायचं, बुडाला भोक नसलेलं. त्यात भाजलेल्या मातीचे तुकडे भरायचे. बुडाशी भांड्याच्या पाव ते तृतीयांश उंचीपर्यंत पाणी ठेवायचं. झाड वरच्या भागात बसवायचं, अशा रीतीने की मुळं पाण्याला टेकणार नाहीत, जेमतेम वर राहतील. पाणी तुकड्यांमधून आपोआप वर चढतं, तुकडे ओले राहतात, तुकड्यांमधल्या मोठ्या फटींत हवा राहते. मुळं आपली वाट शोधत खाली जातात. काही पाण्यात शिरतात, बाकीची वर दमट हवेत राहतात.

पाणी वर का चढतं? पावसाळ्यात जुन्या घरांच्या भिंतींना खालून ओल चढते ना, तेच कारण. अरुंद फटीत पाण्याला वर ओढणारी ताकद असते, आणि फट जितकी अरुंद तितकं पाणी वर जातं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते दीड सेंटिमीटर चढतं, दशांश मिलिमीटरच्या नळीत पंधरा सेंटिमीटर. विटेतली छिद्रं याहूनही कितीतरी बारीक असतात. म्हणून वीट ओल शोषते आणि गवंडी वैतागतो. घर बांधणाऱ्याला जो दोष वाटतो तोच आपल्याला गुण आहे.

दुकानात या कामासाठी लेका मिळतं. चिकणमातीच्या गोळ्या फिरत्या भट्टीत 1200 अंशांच्या आसपास भाजल्या की आतला वायू फुगतो आणि गोळी आतून जाळीदार, बाहेरून कडक होते. वजनाला हलकी, दिसायला नेटकी, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येते. पण ही पिशवी कुठून कुठून कुरिअरने मागवणाऱ्या बेळगावकराला मी एकच विचारेन: खानापूर किती लांब आहे?

खानापूर म्हणजे माती. इथल्या विटा आणि मंगलोरी कौलं भोवतालच्या मुलखात सगळीकडे गेलेली आहेत, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थासुद्धा खानापुरातच आहे. या गावात फुटलेलं कौल आणि तुटकी वीट यांना तोटा नाही. आमच्या कामाला तेच लागतं. साधारण 600 अंशांपुढे भाजलेल्या मातीतलं, तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा कधी चिखल होत नाही. गावठी भट्टीत वीट 800 ते 1000 अंशांपर्यंत भाजते. चांगल्या बांधकामाच्या विटेने चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे मिलिलिटरपर्यंत पाणी पोटात घेऊन बसू शकते, आणि तरीही तिच्या तुकड्यांमधल्या फटी मोकळ्या राहतात. मातीला नेमकं हेच साधत नाही.

वीट निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठला तर ती कच्ची. सहा महिन्यांत भांड्याच्या बुडाशी चिखल करील. जास्त भाजून काळी, काचेसारखी झालेली वीट त्याउलट पाणीच पीत नाही. ती नको. तिसरी भानगड चुनखडीच्या खड्यांची. मातीत चुन्याचे खडे असतील तर त्यांचा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, आणि पाणी लागलं की तो फुगून विटेचा टवका उडवतो. तुटलेल्या विटेत पांढरे ठिपके दिसले की ती बाजूला ठेवावी. असा चुना पाणी अल्कधर्मी करतो, आणि अळूच्या कुळाला थोडं आम्ल पाणी आवडतं. जुन्या भिंतीतली वीट तर घेऊच नये; तिला चुना-सिमेंट चिकटलेलं असतं आणि लोणाही लागलेला असतो.

गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी. तुकडे हरभऱ्याएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंत. खडी चाळायच्या चाळणीतून बारीक भुगा खाली पाडून टाकावा. हा भुगा म्हणजे सुरखी. पूर्वी चुन्याच्या बांधकामात मोलाची होती, इथे मात्र फटी बुजवून टाकते. मग तुकडे धुवायचे. पहिलं पाणी गेरूसारखं लाल निघतं, दुसरं गुलाबी, आणखी दोन-तीन पाण्यांनंतर ते निवळतं. एक आठवडा बादलीत भिजत ठेवून रोज पाणी बदललं की उरलेले क्षारही सुटतात. हे सगळं कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला. आणि विटेचे तुकडे जड असतात. टांगायच्या कुंडीला किंवा काचेच्या फळीवर ठेवायच्या भांड्याला लेकाच बरं. फर्शीवर ठेवायच्या मोठ्या मॉन्स्टेराला मात्र विटेचं वजन उपयोगीच पडतं. तो कलंडत नाही.

नारळाची सोडणं आणि कोळसा ऑर्किडवाले गोव्यात, कोकणात सर्रास वापरतात. उघड्यावर टांगलेल्या ऑर्किडला ती छान. भांड्यात पाणी साठवून ठेवायचं असेल तर सोडण कुजतं, म्हणून इथे नको. कोळसा चालतो.

आता ते दोन औंस. विटेत झाडाच्या पोटाला काहीच नाही. सगळं आपल्याला द्यायचं आहे, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. शेतीसेवा केंद्रात गेलं की पहिल्यांदा हातात पडतं ते 19:19:19. शेतात चांगलंच आहे. पण त्यातल्या 19 टक्के नत्रापैकी निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनिया आणि पुढे नायट्रेट करतात. धुतलेल्या विटेच्या तुकड्यांत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, आणि पानांच्या झाडाला लागत नाही एवढं स्फुरद आहे. लोंढा-खानापूरच्या जांभ्याच्या, भरपूर पावसाच्या भागात विहिरीचं पाणीही बहुधा मृदू असतं, म्हणजे कॅल्शियम तिथूनही मिळत नाही. नवी पानं वेडीवाकडी, कडा करपलेली येऊ लागली की समजावं.

त्याच दुकानात ठिबकवाल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारांसाठी ठेवलेली चार खतं असतात. दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 5 ग्रॅम, 13:0:45 अडीच ग्रॅम, 0:52:34 दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 3 ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट. हे पाणी लिटरमागे साधारण 110 मिलिग्रॅम नत्र, 135 पोटॅशियम आणि 95 कॅल्शियम देतं. एकेक खत पूर्ण विरघळल्यावरच पुढचं घालायचं. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं घट्ट द्रावणात एकत्र करायची नाहीत. सल्फेट आणि फॉस्फेटशी कॅल्शियमची गाठ पडली की पांढरा गाळ खाली बसतो आणि तो झाडाच्या कामाचा उरत नाही. ही मात्रा उजेडातल्या, जोमाने वाढणाऱ्या मॉन्स्टेराला. खोलीच्या आतल्या बाजूला ठेवलेल्या अग्लोनेमाला किंवा झेडझेडला याच्या निम्मी पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसा दिवा लावावा लागतो अशा घरात, सगळ्यांनाच निम्मी. उजेड नसताना जास्त खत घातलं तर ते झाडाला वापरता येत नाही, नुसतं साचत राहतं.

साचलेलं दिसतं कुठे? वरच्या तुकड्यांवर. पाणी वर चढतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. पांढरी पापडी धरते. म्हणून महिन्यातून एकदा भांडं मोरीत नेऊन वरून साधं पाणी भरपूर ओतायचं, काठोकाठ भरू द्यायचं, मग झाड हाताने धरून सगळं कलतं करून ओतून टाकायचं. दोनदा असं केलं की पापडी जाते. लोंढ्याच्या माणसाला यासाठी पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही. सुरुवातीच्या सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली पिंप लावावं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. कॅलॅथियासारखी, नळाच्या पाण्याने पानांच्या कडा वाळवून घेणारी नखरेल झाडं या पाण्यावर खुलतात.

मातीतलं झाड विटेत हलवायचं कसं? माझं मत विचाराल तर हलवूच नये, कलम घ्यावं. मनीप्लँटची किंवा मॉन्स्टेराची फांदी पेराच्या खाली बोटभर सोडून कापावी. पेरावर तपकिरी, टणक, बोटासारखं हवाई मूळ फुटलेलं असेल अशी. ती साध्या पाण्यात उभी करावी, पेर बुडेल एवढ्याच पाण्यात. थोड्या दिवसांत त्या जुन्या मुळाच्या टोकाची साल तडकते आणि आतून पांढरं, ओलसर, चकचकीत टोक बाहेर येतं. मग त्याला बाजूने आडवे फाटे फुटतात. हे मूळ जन्मतःच पाण्यातलं आहे. चार-पाच सेंटिमीटर झालं की विटेत बसवावं. पूर्ण वाढलेलं झाडच हलवायचं असेल तर माती वाहत्या पाण्याखाली कणन् कण धुवावी लागते, आणि तरी जुन्या मुळांपैकी बरीच जातात. कुजलेलं मूळ ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोरा राहतो. असं सगळं कापून टाकायचं. झाड महिनाभर रुसतं, एक-दोन पानं पिवळी पाडतं. तेवढ्या काळात खत नको, साधं पाणीच.

वेळ कोणती? बेळगावच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मुळं हलायला तयार नसतात. मार्च-एप्रिलमध्ये पानांतून पाणी इतकं उडतं की तोकड्या मुळांना ते पुरवता येत नाही. जूनची दमट हवा चांगली, पण घरात अंधार. ऑगस्ट सरता सरता, हवेत अजून ओल आहे आणि ढग फाटायला लागलेत, तेव्हा हे काम काढावं. गणपतीच्या गडबडीत वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे.

पुढे पाणी घालण्याचा एकच नियम पाळला तरी पुष्कळ: पाणी संपू द्यावं. बुडाशी काही उरलं नाही, तुकडे अजून ओलसर आहेत, अशा स्थितीत एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मगच पुन्हा पाव-तृतीयांशापर्यंत भरावं. त्या एक-दोन दिवसांत खालपर्यंत ताजी हवा ओढली जाते. रोज थोडं थोडं वरून घालत राहणाऱ्यांचं झाड मातीतही मरतं, विटेतही मरतं. आत पाणी किती आहे हे कळायला भांडं भरतानाच कडेला एक पोकळ बांबूची किंवा प्लास्टिकची नळी उभी ठेवून द्यावी आणि तिच्यात काडी बुडवून बघावं. काचेचं पारदर्शक भांडं घेतलं तर पातळी आपोआप दिसते, पण उजेडामुळे आत शेवाळ धरतं. मग बाहेरून कापड गुंडाळावं लागतं.

सगळ्या झाडांना हे मानवत नाही. मनीप्लँट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अग्लोनेमा, पीस लिली यांनी सुरुवात करावी. झेडझेड आणि स्नेक प्लँटला पाणी अगदी तळाशी, बोटभर. बारीक पानांचे नाजूक नेचे या पद्धतीत क्वचित टिकतात. आणि तुळस आपली वृंदावनातच राहू द्यावी. जंगलातल्या खोडांवरची ऑर्किडं काढून आणून विटेत लावायचा मोहही नको. इथलं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, तिथून काही आणणं गुन्हा आहे, आणि घरातल्या भांड्यात ती बहुतेक वेळा जगतही नाहीत. ऊतिसंवर्धनाने केलेली रोपं रोपवाटिकांत मिळतात.

राहिला डास. डेंगी पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यापाशी अंडी घालतो, आणि आरोग्य खात्याची माणसं घरी आली की सगळ्यात आधी मनीप्लँटच्या बाटलीत डोकावतात ते उगीच नाही. विटेच्या भांड्यात पाणी तुकड्यांखाली दडलेलं असतं, त्यामुळे धोका उघड्या बाटलीपेक्षा कमी, पण पातळी बघायच्या नळीतून डास आत जाऊ शकतो. नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधावं. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून टाकावं. वर सांगितलेल्या नियमाने पाणी आठवड्याच्या आतच संपत असेल तर हे काम आपसूक होतं. ज्या बाटलीत कलमं मुळं धरायला ठेवली असतील तिचं पाणी तीन दिवसांनी बदलावं, आणि बदलताना आतली कड ब्रशने घासावी. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.